इबूंची दक्षिण

माझ्या सासरी डावं-उजवं कुणाला कळत नाही. तिथे सगळा कारभार उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असा चालतो, आणि तोही स्वयंपाकघरात. लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या गावी, बांतुलला गेले तेव्हा सासूबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "न्दुक, ती मिठाची बरणी जरा दक्षिणेला सरकव." न्दुक म्हणजे पोरी. मी बरणी धरून नुसती उभी. शेवटी धाकट्या दिराने येऊन ती माझ्या हातातून घेतली, टीचभर सरकवली आणि वहिनीला अक्कल जरा कमीच दिसते अशा नजरेने बघत निघून गेला.

मी सारोह. जन्मले जकार्तेत, वाढले जकार्तेत. आम्ही बेटावी, इथलेच मूळचे, आणि आमच्यात पत्ता सांगतात तो असा: टोफू तळणाऱ्याच्या पुढे जा, पिवळं फाटक दिसलं की डावीकडे वळ, आत कुणी भांडत असेल तर बरोबर आलास. उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नसतं. माझा नवरा त्रियोनो मात्र इतकी वर्षं या शहरात एसी दुरुस्त करत फिरूनही पाठ खाजवून घेताना म्हणतो, "थोडं पूर्वेला." जावात नवऱ्याला मस म्हणतात. मी म्हणते, "मस, तू कूस बदललीस की तुझी पूर्वही बदलते. नीट वर-खाली सांग, नाहीतर भिंतीला पाठ घास."

पण खरं सांगायचं तर बांतुलला ते जमतंही. तिकडे घराबाहेर आलं की एका अंगाला मेरापीचा डोंगर धूर सोडत उभा असतो, ती उत्तर. दुसऱ्या अंगाला समुद्र, ती दक्षिण. समुद्राचं नावच मुळी दक्षिण समुद्र. पोर चालायला लागायच्या आधी त्याला हे कळतं. त्रियोनो म्हणतो, त्यांच्याकडच्या अस्सल जावाच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो उत्तरेला बोट दाखवेल, आणि ज्याला दाखवता येणार नाही त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय असं खुशाल समजावं.

हे वाक्य त्याने कितीदा तरी हसत हसत म्हटलं होतं. यंदा सासूबाई आमच्याकडे आल्या आणि ते वाक्य त्याच्याच घशात अडकलं.

सासूबाईंचं नाव तुकिनाह. आम्ही सगळे त्यांना इबू, म्हणजे आई, म्हणतो. इबूंनी जन्मात जकार्ता पाहिलं नव्हतं. सासरे होते तोवर 'शेळ्यांना कोण बघेल' म्हणून आल्या नाहीत. सासरे गेल्यावरही शेळ्यांचंच कारण होतं. शेवटी दिराने शेळ्या आपल्या गोठ्यात नेऊन बांधल्या आणि त्यांना रात्रीच्या गाडीत बसवून दिलं. पहाटे अंधारातच उतरल्या. टॅक्सीत बसल्यावर माझी तब्येत नाही विचारली, घर किती लांब ते नाही विचारलं. पहिला प्रश्न केला तो ड्रायव्हरला, "बाबा, समुद्र कुठल्या अंगाला?" त्याने जांभई देत एक हात खिडकीबाहेर काढून दाखवलं. इबूंनी मान हलवली आणि मग निवांत मागे टेकून बसल्या.

दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. त्रियोनो म्हणाला, "इबू, उत्तरेच्या खोलीतली उशी आणता का?" इबू तडक स्वयंपाकघरात गेल्या. तिथे उशी कुठून असणार? बराच वेळ उभ्या राहिल्या आणि हात हलवत परत आल्या. मग गल्लीच्या पश्चिम तोंडाशी भाजीवाला आलाय असं त्रियोनोने सांगितलं, तिकडे जायला निघाल्या आणि उलट्या दिशेला चालत मागच्या नाल्यापाशी पोचल्या. मी हसले. मला वाटलं, नवीन जागा आहे, होतं असं. त्रियोनो हसला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा इबू नमाजाची चटई अंथरून उभ्या होत्या. आमच्याकडे नमाजाला तोंड पश्चिमेला करतात, सगळ्या जावात तसंच. इबूंची चटई बरोबर उलटी होती. म्हणजे त्या पूर्वेला तोंड करून, मावळत्या उन्हाकडे पाठ करून उभ्या. त्रियोनोने एक शब्द न बोलता चटई फिरवली. इबू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याही काही न बोलता फिरून उभ्या राहिल्या.

त्या रात्री तो मला म्हणाला, "आजीचं असंच सुरू झालं होतं."

त्याची आजी म्हणजे इबूंची आई. ती एकदा शेतावर जायला निघाली आणि तिसऱ्याच गावात सापडली. मग चटई उलटी, मग चप्पल चुलीत, मग पोटच्या पोरांची नावं गेली. शेवटी तिने रात्री-बेरात्री निघून जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून दोरी बांधायला लागायची. ती दोरी बांधायचं काम इबूंकडे होतं. त्रियोनो तेव्हा लहान होता, पण त्याला ती दोरी निळी होती हेसुद्धा आठवतं.

मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाला परक्या गावात गोंधळल्यासारखं होतं, मस. लगेच दोरीपर्यंत कशाला पोचतोस?"

"तू बेटावी आहेस," तो म्हणाला. "तुला नाही कळायचं. माझी आई स्वतःचं नाव विसरेल, पण पश्चिम विसरणार नाही."

त्याने सोमवारची डॉक्टरची वेळ घेतली. मेंदूचे मोठे डॉक्टर. इबूंना सांगितलं, माझं ब्लडप्रेशर दाखवायचंय, सोबत चला. इबू 'बरं' म्हणाल्या. चटई फिरवली त्या दिवसापासून त्या अशाच झाल्या होत्या, सगळ्याला बरं. आम्ही त्यांना मोनासचा मनोरा दाखवला, बरं. मोठी मशीद दाखवली, तिथे माणसं इतकी की त्या दारातूनच परतल्या, बरं. मॉलमध्ये सरकता जिना दाखवला, त्यालाही बरं. बांतुलला हीच बाई शेजारच्या कोंबडीच्या चालीवरही दोन वाक्यं बोलायची. माझ्या सोटो सूपात साखर नाही म्हणून मला टोमणे मारायची. आता मुकाट्याने गिळत होती, आणि मला ते उलट्या चटईपेक्षा जास्त टोचत होतं.

शनिवारी आम्ही जुन्या शहराकडे निघालो. आधी बंदर, मग चौक, असं ठरलं. बंदरात लाकडी गलबतं ओळीने लागलेली होती, नाकं वर करून. आभाळ भरून आलेलं, ऊन कुठेच नाही. त्रियोनो पाण्याच्या बाटल्या आणायला गेला आणि इबूंनी एकदम माझा दंड धरला.

"न्दुक, तो रुमाल काढ."

माझ्या डोक्यावर हिरवा रुमाल होता, नवा.

"का? चांगला दिसत नाही?"

"समुद्रावर हिरवं घालतं का कुणी? राणीला आवडत नाही. ओढून नेईल तुला. काढ म्हणते ना!"

दक्षिण समुद्राच्या राणीला हिरव्या रंगाचा हेवा आहे, एवढं मलाही माहीत आहे. पण मी म्हटलं, "इबू, इथे कुठली आलीय राणी? इथे क्रेन आहेत आणि मेलेली मासळी. राणी आली तर नाक दाबून परत जाईल."

"तोंडाचा पट्टा नंतर चालव," इबू म्हणाल्या. आठवडाभरात पहिल्यांदाच त्या अशा करवादल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की मी गुपचूप तो रुमाल काढून पर्समध्ये कोंबला आणि आतली काळी टोपी तशीच ठेवली. इबूंनी समुद्राला हात जोडून कपाळाला लावले. त्रियोनो आला तोवर आम्ही दोघी काही झालंच नाही अशा उभ्या होतो.

चौकात शनिवारची ही गर्दी. रंगीत सायकली, त्यांच्या हँडलला तशाच रंगाच्या मोठ्या टोप्या, अंगाला चांदीचा रंग फासून पुतळ्यासारखी उभी असलेली माणसं. इबूंना आम्ही जुन्या कचेरीसमोरच्या बाकावर बसवलं. मी भाताचं ऑम्लेट घ्यायला रांगेत उभी राहिले. ते कोळशावर कढई पालथी घालून भाजतात, घाई केली तर कच्चं राहतं. त्रियोनोला दिराचा फोन आला, तो आईचं कसं चाललंय ते सांगायला जरा बाजूला गेला. आईच्या कानावर पडू नये म्हणून बाजूला गेला, आणि तेवढ्यात आई गेली.

मी ऑम्लेट घेऊन आले तर बाक रिकामा. आधी वाटलं, स्वच्छतागृहात गेल्या असतील. मी धावत जाऊन बघितलं. मग सायकलवाल्यांना विचारलं, चांदीच्या माणसालाही विचारलं. तो बिचारा पुतळा असल्याने बोलेना, मी खेकसले तेव्हा बोलला आणि 'नाही पाहिलं' म्हणाला. त्रियोनो इबूंना फोन लावत चौकाच्या चारही बाजूंना पळत होता, पण त्या उचलेनात.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. मशिदींवरून दुपारची बांग झाली, नमाज झाला, आणि त्रियोनोचा फोन वाजला. इबू!

"ले," त्या म्हणाल्या. मुलाला त्या तसंच म्हणतात. आवाज अगदी बारीक. "मी मशिदीत आहे. चौकाच्या दक्षिणेला. तुम्ही जेवून घ्या."

"कुठली मशीद, इबू? नाव काय?"

"लहान आहे. दक्षिणेला म्हटलं ना."

"आम्ही येतो. तिथून हलू नका. ऐकताय ना?"

"ले, मला काहीतरी..." एवढं म्हणाल्या आणि फोन बंद पडला. रात्री तो चार्जिंगला लावायला आम्हीच विसरलो होतो. पुन्हा पुन्हा लावला, लागेना.

"दक्षिण," त्रियोनो म्हणाला आणि सुटला. मी त्याच्या मागे. आम्ही स्टेशन ओलांडलं, बाजाराच्या गल्ल्यांत शिरलो. एक मशीद बघितली, तिथे नाहीत. दुकानांच्या माडीवर नमाजाची एक खोली होती, तिथे नाहीत. पार्किंगच्या तळघरात एक होती, तिथेही नाहीत. मी प्रत्येक ठिकाणी बायकांच्या बाजूला डोकावून 'इबू' म्हणून हाक मारायची आणि चार अनोळखी म्हाताऱ्या वळून बघायच्या, कारण इबू तर सगळ्याच असतात. रस्त्यात मोटारसायकलींचा लोंढा. इबूंना बांतुलला रस्ता ओलांडताना फक्त बदकं सांभाळावी लागतात, हे मनात आलं आणि मी आणखी जोरात पळायला लागले.

एका बंद दुकानाच्या पायरीवर त्रियोनो मटकन बसला. "ती 'मला काहीतरी' म्हणाली. तिला कळलंय, सारोह. आजीलाही सुरुवातीला कळायचं. मध्येच थांबून आपल्याच हातांकडे बघत बसायची. मी तिला इथे आणायलाच नको होतं. आपल्या घरात तरी चार दिवस जास्त शहाणी राहिली असती."

"ऊठ," मी म्हटलं. "रडायचं असेल तर त्या सापडल्यावर रड."

पण मलाच रडू येत होतं. मी घाम पुसायला पर्समध्ये हात घातला आणि हाताला तो रुमाल लागला. हिरवा. तो काढून तोंड पुसलं आणि तशीच थांबले. राणी. ओढून नेईल तुला. दक्षिण समुद्राची राणी.

"मस," मी म्हटलं, "समुद्र कुठे असतो?"

"काय?"

"तुझ्या आईला विचारलं, समुद्र कुठल्या अंगाला असतो, तर त्या काय सांगतील?"

"दक्षिणेला," तो पटकन म्हणाला. आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

जकार्तेचा समुद्र उत्तरेला आहे. हे मला दिशा कळतात म्हणून माहीत नाही. त्या भागाचं नावच उत्तर जकार्ता आहे, बसवर लिहिलेलं असतं, म्हणून माहीत आहे. पण इबूंनी टॅक्सीत बसल्या बसल्या समुद्र कुठे ते विचारून घेतलं होतं. जिथे समुद्र, तिथे दक्षिण. आणि त्या दक्षिणेवर त्यांनी आमचं घर, आमची गल्ली, सगळं शहर जसंच्या तसं मांडून घेतलं होतं, उलटं.

"उशी!" त्रियोनो ओरडला. "उत्तरेची खोली! भाजीवाला!" रस्त्यातली माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"आणि चटई," मी म्हटलं. "आता पळ. तुझ्या दक्षिणेला नको, आईच्या दक्षिणेला."

आम्ही दोन ओजेक पकडले आणि मोटारसायकलींवर मागे बसून चौक ओलांडून बंदराच्या बाजूला निघालो. कालवा संपतो तिथे गोदामं सुरू होतात. एका कोपऱ्यावर एक बाई गाड्यावर चहा-कॉफी विकत होती. मी विचारलं, "मावशी, इथे जवळ लहानशी मशीद आहे का? आमच्या म्हाताऱ्या आई..."

"जावाच्या? चॉकलेटी लुंगी नेसलेल्या?" बाईने हातातला पेला खाली ठेवला. "अगं, त्या तुमच्या का? त्यांनी आमच्या पाक हाजींना सांगितलं की तुमची मशीद उलटी बांधलीय! पाक हाजी असले भडकलेत! जा बाई लवकर, मागच्या गल्लीत. भांडण झाल्यावर पायरीवर बसल्या त्या उठतच नाहीयेत. मी चहा नेऊन दिला, तोही घेईनात."

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच त्या गाड्याला धरून मी हसले, आणि हसता हसता रडले. ओजेकवाला म्हणाला, "ताई, पैसे?" त्रियोनोने खिशात होतं ते त्याच्या हातात कोंबलं आणि गल्लीत पळाला.

मशीद खरंच लहान होती, हिरव्या पत्र्याची. पायरीवर इबू बसल्या होत्या, हात मांडीवर, चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. दारात पाक हाजी, म्हणजे मशीद सांभाळणारे म्हातारबुवा, झाडू घेऊन उभे होते. आम्हाला बघताच ते सुरू झाले. "तुमच्या आई का? अहो, माझा जन्म गेला इथे! गावातले लोक माझ्या बापाच्या वेळेपासून इथे नमाज पढतात, आणि या म्हणतात, सगळी रांग पूर्वेला तोंड करून उभी आहे! मला म्हणतात, होकायंत्र आणा!"

"आणलं का?" मी विचारलं.

"आणलं ना! फोनमध्ये दाखवलं. तेव्हापासून गप्प झाल्यात."

त्रियोनो आईसमोर गुडघ्यावर बसला होता. त्याने त्यांचे हात धरले होते. इबू त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होत्या. डोळे अगदी कोरडे.

"न्दुक," त्या म्हणाल्या, "मी मुद्दाम आले. चुकून नाही आले. त्या दिवशी याने चटई फिरवली. मला वाटलं, हाच चुकला असेल, शहरात राहून बिघडला असेल. म्हटलं एखाद्या मशिदीत जाऊन बघावं लोक कुठे तोंड करतात. सकाळी येताना ही बघून ठेवली होती. चौकातून निघाले, कालव्याच्या पश्चिम काठाने आले, लाकडी पूल पूर्वेला सोडला, गोदामांपाशी पश्चिमेला वळले. आले. बघितलं." त्यांनी शेजारच्या चपला पुन्हा नीट जोडल्या. "सगळे यानं दाखवलं तसेच उभे होते. एवढी माणसं कशी चुकतील? मग चुकतंय कोण, ते मला कळलं."

"इबू..."

"थांब, बोलू दे. तुमच्या घरी रोज सकाळी सूर्य पश्चिमेला उगवतो. मी रोज बघते. खिडकीत उभी राहून बघते आणि कुणाला सांगत नाही. माझ्या आईचं मी सगळं केलंय, दाराला दोरी मी बांधलीय. मला माहिताय ते कसं येतं. ले, मला आजच्या गाडीत बसवून दे. तुझ्या हातून ती दोरी मला बांधून घ्यायची नाही."

त्रियोनो आता हुंदके देऊन रडत होता. मग बोलायचं कोणी? मी खाली बसले.

"इबू, ऐका. या समुद्राला दक्षिण समुद्र म्हणत नाहीत. हा दुसरा आहे. जावाच्या वरच्या अंगाचा."

"समुद्र दक्षिणेलाच असतो."

"तुमच्याकडे. आमच्याकडे उत्तरेला असतो."

इबूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी झाले आहे. "उत्तरेला डोंगर असतो," त्या सावकाश म्हणाल्या.

"डोंगर इथे दक्षिणेला. आभाळ स्वच्छ असलं तर दिसतात. विचारा पाक हाजींना."

पाक हाजींनी झाडू भिंतीला टेकवला. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. "समुद्र उत्तरेलाच हो बाई," ते म्हणाले. "अगदी शपथेवर. माझे वडील कोळी होते."

इबूंनी एक हात उचलला, समुद्राकडे केला, मग हळूच दुसरा उचलला आणि उलट बाजूला केला. मग दोन्ही हात तसेच धरून एकेक गोष्ट विचारायला लागल्या, एखादी बाई बाजारातून आल्यावर पिशवीतलं सामान काढून मांडते तशा.

"म्हणजे तुमचं स्वयंपाकघर दक्षिणेला?"

"हो, इबू." आता त्रियोनोला आवाज फुटला.

"मग भाजीवाला पश्चिमेकडून येतो."

"पश्चिमेकडूनच."

"मी कालव्याच्या पूर्व काठाने आले."

"पूर्व काठाने. पूल पश्चिमेला सोडलात आणि गोदामांपाशी पूर्वेला वळलात. एक पाऊलही चुकला नाहीत, इबू. सगळा रस्ता बरोबर आहे. फक्त उलटा आहे."

"आणि सूर्य?"

"पूर्वेलाच उगवतो."

"रोज?"

"रोज, इबू."

त्यांचे हात खाली आले. "परत सांग, न्दुक," त्या मला म्हणाल्या. "समुद्र कुठे?"

"उत्तरेला."

"म्हणजे मी शहाणी आहे."

"आमच्या सगळ्यांपेक्षा," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे त्या रडल्या. तोंडावर ओढणी घेऊन, खांदे हलवत, खूप रडल्या. त्रियोनोही रडत होता, आणि पाक हाजी 'अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह' करत चहा सांगायला धावले.

चहा आला. इबूंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे." त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकायला मी किती आसुसले होते ते त्या घोटाबरोबर मला कळलं.

त्रियोनो नाक पुसत उभा राहिला. "मी सोमवारची डॉक्टरची वेळ रद्द करतो."

"का? तुझं ब्लडप्रेशर?" इबू म्हणाल्या.

त्याने पुन्हा नाक पुसलं, मी पाक हाजींच्या झाडूकडे बघायला लागले. इबूंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुलाही तेच वाटत होतं, ले. आणि तू बोलला नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"मी कशी बोलणार? तुला त्रास."

"मी तरी कसा बोलणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "धन्य आहे तुमची!" मी म्हटलं. "आठवडाभर दोघं एका घरात, दोघांच्या पोटात एकच भीती, आणि दोघं एकमेकांना बरं, बरं करताय! आमच्या घरी असतं ना, तर चटई फिरली त्याच क्षणी माझ्या आईने अशी बोंब ठोकली असती की शेजारचे धावून आले असते. त्यातल्या एकाने तरी विचारलं असतं, आजी, समुद्र कुठे? अर्ध्या तासात मिटलं असतं सगळं."

इबू चहाच्या पेल्याआडून हसल्या. "बेटावी लोक ओरडतात फार," त्या त्रियोनोला म्हणाल्या, मी तिथे नाहीच असं समजून. "पण ही शोधते बरी."

मग त्या उठल्या. चपला पायरीवरच राहू दिल्या. त्यांचा दुपारचा नमाज राहिला होता. मी म्हटलं, "इबू, इतका वेळ मशिदीच्या दारात बसून केला नाहीत?"

"कुठल्या बाजूला तोंड करू तेच कळेना," त्या म्हणाल्या. "वाटलं, मी नीट उभी राहीन, आणि अल्लाकडे माझी पाठ असेल."

पाक हाजींनी त्यांना स्वच्छ चटई दिली. इबूंनी ती स्वतः अंथरली. अंथरण्याआधी समुद्राच्या बाजूला एकदा बघितलं, मनाशी काहीतरी जुळवलं, चटईचं टोक अलगद फिरवलं आणि उभ्या राहिल्या. भिंतीतल्या कमानीशी अगदी सरळ. कुणाला सांगावं लागलं नाही. त्रियोनो दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होता, आणि मी त्याच्याकडे. इतक्या दिवसांत त्याचे खांदे पहिल्यांदा खाली आलेले दिसले.

नमाज लांबला. बाहेर आल्या तेव्हा आभाळ थोडं फाटलं होतं आणि गोदामांच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. इबूंनी उन्हाकडे डोळे बारीक करून बघितलं, मग स्वतःशीच मान हलवली. पाक हाजींची माफी मागितली. ते म्हणाले, "छे छे, माफी कसली," पण त्यांना ती हवी होती, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"चला, आता घरी," त्रियोनो म्हणाला. "दमला असाल."

"घरी?" इबू म्हणाल्या. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि आमच्या दोघांच्याही पुढे जाऊन गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. "इतके दिवस तुम्ही मला जे जे दाखवलं ते सगळं मी उलटं बघितलंय. तो मनोरा, ती मोठी मशीद, तो चालणारा जिना. भीतीने मला धड काही दिसलंही नाही. उद्या रविवार आहे ना? मला सगळं परत दाखवा. अगदी पहिल्यापासून."